कावळ्याचा गड, क्रुसाचं खोरं

उत्तर वेल्समधली डी नदी डोंगरांतून वळसे घेत इंग्लंडच्या सपाटीकडे निघते, तेव्हा वाटेत तिच्या काठी लँगॉलेन नावाचं गाव लागतं. हा उच्चार इंग्रजी वळणाचा झाला. वेल्श माणूस या नावातले दोन्ही ‘ल’ म्हणताना जीभ ‘ल’च्या जागी टेकवतो आणि तिच्या कडेनं नुसती हवा सोडतो. देवनागरीत तो आवाज उतरवायला अक्षर नाही. नदीचं नाव मात्र आपल्याला परकं वाटू नये. रोमन सैन्यानं तिच्या काठी, आजच्या चेस्टर शहराच्या जागी तळ ठोकला, तेव्हा त्या तळाला नदीचंच जुनं नाव दिलं: देवा. तिथल्या त्या काळच्या केल्टिक बोलीत त्याचा अर्थ देवी. आपली ‘देवी’ आणि ही ‘देवा’ यांचं साम्य योगायोगाचं नाही, दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले आहेत.

गावाच्या उत्तरेला, नदीपलीकडे, शंकूसारखी एक टेकडी एकटीच उभी आहे. उंची सुमारे ३२० मीटर. म्हणजे फार नव्हे, पण आसपासच्या डोंगरांपासून ती तुटून उभी असल्यामुळे खोऱ्यात कुठूनही नजरेत भरते. माथ्यावर काही भिंती शिल्लक आहेत. खालून पाहिलं तर त्या भिंतींतल्या खिडक्यांच्या भोकांतून आभाळ दिसतं. रिचर्ड विल्सन या वेल्श चित्रकारानं १७७०च्या सुमारास हेच दृश्य रंगवलं, आणि त्यानंतर ते पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. हा दिनास ब्रान.

टेकडीच्या वायव्येला, सरळ रेषेत सुमारे दोन किलोमीटरवर, एका झऱ्याकाठच्या हिरव्या तुकड्यावर दुसरे अवशेष आहेत. ते एका मठाचे. लॅटिनमध्ये त्याचं नाव वाले क्रुसिस, वेल्शमध्ये ग्लिन इ ग्रोएस. दोन्हींचा अर्थ क्रुसाचं खोरं. येणारे लोक बहुधा गड एका दिवशी पाहतात आणि मठ दुसऱ्या दिवशी, आणि मनात त्यांचे दोन वेगळे कप्पे करतात. ते तसे नाहीत. मठ बापानं बांधला आणि गड मुलानं. बापाचा मठ ३३६ वर्षं चालला, मुलाचा गड पंधरा-सतरा वर्षंही नांदला नाही. या दोन बांधकामांना एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्यांतलं एकही नीट कळत नाही, असं माझं मत आहे, आणि हे प्रकरण त्यासाठीच आहे.

सुरुवात गड-मठ दोन्हींहून जुन्या अशा एका दगडापासून करायला हवी. मठापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर एका उंचवट्यावर एक तुटका खांब उभा आहे. त्याला एलिसेगचा स्तंभ म्हणतात. नवव्या शतकात पॉविस राज्याचा राजा केंगेन यानं आपल्या पणजोबांच्या, एलिसेडच्या, स्मरणार्थ तो उभारला. तेव्हा त्याच्या डोक्यावर क्रूस होता, आणि अंगावर लॅटिनमध्ये लांबलचक लेख. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या यादवीत सैनिकांनी तो पाडला. एडवर्ड लुइड या विद्वानानं १६९६ मध्ये त्यावरची अक्षरं जमतील तितकी उतरवून घेतली, म्हणून तो लेख आज वाचता येतो. खुद्द दगडावर आता काही लागत नाही. लेखात काय आहे? पॉविसच्या राजांचं कूळ. ते थेट रोमन सम्राट मॅग्नस मॅक्सिमसपर्यंत नेऊन भिडवलं आहे. एलिसेडनं इंग्रजांच्या हातून आपली भूमी तलवारीनं सोडवली, हेही त्यात कोरलं आहे. खोऱ्याला क्रुसाचं नाव पडलं ते या स्तंभावरून. म्हणजे जागा निवडतानाच मठ बांधणाऱ्यानं आपल्या पूर्वजांच्या सावलीत ती निवडली होती.

तो बांधणारा म्हणजे मादोग ऐप ग्रिफिध. ‘ऐप’ म्हणजे ‘चा मुलगा’, वेल्श लोकांच्या नावांत हे सारखं येतं. जुन्या पॉविस राज्याचे तोवर दोन तुकडे झाले होते आणि उत्तरेकडचा तुकडा मादोगकडे होता. त्याच्याच नावावरून त्या मुलखाला पुढं पॉविस वादोग म्हणू लागले. १२०१ मध्ये त्यानं स्ट्राटा मार्सेला या मठातून सिस्टर्शियन पंथाचे साधू बोलावून इथं वसवले.

हा पंथ १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सितो इथं सुरू झाला. न रंगवलेल्या लोकरीचे झगे, साधं जेवण, शेती आणि मेंढपाळी स्वतःच्या हातानं, आणि वस्तीपासून दूर राहणं, ही त्यांची रीत. वेल्श अधिपतींना हा पंथ जवळचा वाटला याला कारण होतं. त्याआधीचे बेनेडिक्टाइन मठ बहुतेक नॉर्मन सरदारांनी आणलेले, आणि त्यांच्याच किल्ल्यांच्या आश्रयाला बसलेले. सिस्टर्शियन साधू मात्र डोंगरात राहणारे, लोकरीवर जगणारे. वेल्सच्या भूमीला आणि तिथल्या मेंढपाळांच्या जगण्याला ते शोभून गेले. पण एक गोष्ट लपवून ठेवू नये. एकांत हवा म्हणून या साधूंच्या आगमनाबरोबर तिथं आधीपासून असलेल्या लानेग्वेस्टल वस्तीतल्या लोकांना उठवून दुसरीकडे बसवण्यात आलं. ध्यानाला बसायची शांत जागा दुसऱ्या कोणाच्या तरी चुली विझवून मिळाली होती.

मादोग १२३६ मध्ये वारला आणि आपल्याच मठात त्याला पुरलं गेलं. त्याचा मुलगा ग्रिफिध ऐप मादोग. याच्या वाट्याला काळ अवघड आला. एका अंगाला इंग्लंडचा राजा हेन्री तिसरा, दुसऱ्या अंगाला ग्विनेडचा लिवेलिन ऐप ग्रिफिध, ज्याला सगळा वेल्स आपल्या छत्राखाली हवा होता. पॉविस वादोग बरोबर मध्ये. ग्रिफिधची बायको एमा ही ऑडली या इंग्रज सरदार घराण्यातली, आणि बरीच वर्षं तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं राहिला. १२५०च्या दशकाच्या अखेरीस त्यानं बाजू बदलली आणि लिवेलिनला मिळाला. १२६७ मध्ये माँटगोमेरीच्या तहात इंग्लंडनं लिवेलिनला वेल्सचा प्रिन्स म्हणून मान्यता दिली, तेव्हा ग्रिफिधनं योग्य घोड्यावर मांड ठोकली असं कोणालाही वाटलं असतं. दिनास ब्रानचं बांधकाम इतिहासकार याच दशकात, १२६०च्या पुढंमागं धरतात.

आता वर चढू या.

गावातून पाऊलवाट निघते. आधी घरांच्या मागून, मग मेंढ्यांच्या कुरणातून, आणि शेवटी उघड्या उतारावरून नागमोडी. माथ्याच्या जरा खाली मातीचा एक बांध आणि त्याला लागून चर आडवे येतात. हे गडाचे नाहीत. ते त्याच्याहून दीड-दोन हजार वर्षं जुने, लोहयुगात इथं राहणाऱ्या लोकांनी केलेले. त्यांनी या माथ्याभोवती बांध घालून आत गोल झोपड्या बांधल्या होत्या. ‘दिनास’ या शब्दाचा आजच्या वेल्शमधला अर्थ शहर, पण जुना अर्थ गड, कोट. नाव बहुधा त्या पहिल्या कोटापासून चालत आलेलं.

‘ब्रान’ म्हणजे कावळा. इंग्रज लोक याला कावळ्याचा गड म्हणू लागले ते त्यावरून. पण वेल्श पुराणकथांत ब्रान नावाचा महाकाय राजाही आहे, आणि जवळून वाहणाऱ्या एका ओढ्याचंही नाव हेच सांगतात. फूक फिट्झवॉरिन या बंडखोर सरदाराच्या कथेत, जी चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितात आपल्यापर्यंत आली आहे, हा गड ओसाड आणि झपाटलेला आहे; पेन पेव्हरेल नावाचा एक नॉर्मन वीर रात्री इथं मुक्काम करतो आणि गेओमागॉग नावाच्या राक्षसाशी लढतो. ओसाड गडात भूत असतंच, ही समजूत सगळीकडची आहे. इथं विशेष इतकंच की, ज्यांच्यामुळे गड ओस पडला त्यांच्याच भाषेत ही कथा लिहिली गेली.

माथ्यावर पोहोचलं की पहिली गोष्ट जाणवते ती आकाराची. गड लहान आहे. पूर्व-पश्चिम लांबी ऐंशी-पंच्याऐंशी मीटर, रुंदी पस्तीसएक मीटर. एका दमात चालून व्हावा इतका. उत्तरेला आणि पश्चिमेला कडा तुटलेला, तिथं खंदकाची गरजच नव्हती. दक्षिणेला आणि पूर्वेला मात्र खडक फोडून खोल खंदक खणला आहे, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. त्या खंदकात उतरून भिंतीकडे वर पाहावं आणि मग खंदकाच्या बाजूकडे पाहावं. दगड एकच. करडा, पापुद्र्यांचा, पाटीच्या दगडाच्या जातीचा. खंदक खणताना निघालेलाच दगड वरच्या तटाला लागला. एका घावात दोन कामं. सह्याद्रीतल्या गडांवर टाकी खोदून निघालेला दगड वाड्याला आणि तटाला वापरलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही हिशेबी कारागिरी लगेच ओळखीची वाटेल. कोपऱ्यांना आणि कमानींना लागणारा घडीव दगड मात्र दुसरीकडून आणावा लागला होता, आणि नंतरच्या शतकांत लोकांनी तोच आधी उचलून नेला. म्हणून आज कोपरे ढासळलेले, भिंतींची टोकं कुरतडलेली दिसतात.

आत शिरायची वाट ईशान्य कोपऱ्यात. तिथं दोन बुरुजांच्या मधून जाणारा दरवाजा होता, दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या खोल्या, आपण ज्यांना देवड्या म्हणू तशा. हे जोडबुरुजी दार त्या काळी इंग्लंडमधलं नवं चलन होतं. दाराला लागून पूर्वेच्या टोकाला चौकोनी मुख्य बुरूज, गडाचा शेवटचा आसरा. दक्षिणेच्या तटाला धरून दरबाराचं दालन. खालून ज्यांच्यातून आभाळ दिसतं त्या रुंद खिडक्या याच दालनाच्या. आणि दालनाच्या पुढं, तटाच्या बाहेर झेपावलेला, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा बुरूज. नैर्ऋत्येला एक लहानसा चोरदरवाजा.

या डी-आकाराच्या बुरुजापाशी थोडं थांबायला हवं. पाठ सरळ आणि तोंड गोल, अशी ही रचना वेल्श गडांची खूण आहे. युलो, कास्टेल इ बेरे या गडांवरही ती सापडते. गोल बाजूमुळे खाली तिन्ही अंगांना तिरंदाजाची नजर पोचते, कोपरा नसल्यामुळे सुरुंग लावून ढासळवायला अवघड जातं, आणि आत मात्र चौकोनी खोलीइतकी ऐसपैस जागा मिळते. म्हणजे बुरूज पुरता वेल्श, दार पुरतं इंग्रजी पद्धतीचं. ग्रिफिधचं सगळं आयुष्य त्या दोन बांधकामांत मला दिसतं. इंग्रज घरातली बायको, इंग्रज दरबारातली वर्षं, आणि शेवटी आपल्या माणसांत परत येणं. त्यानं दोन्हीकडचं जे चांगलं ते घेतलं आणि एका अरुंद माथ्यावर बसवलं. खिडक्याही पाहाव्यात. निव्वळ लढाईसाठी बांधणारा दक्षिणेच्या तटाला इतक्या रुंद खिडक्या ठेवत नाही. त्याला इथं राहायचं होतं, पाहुण्यांना जेवू घालायचं होतं, खाली वाकून आपली नदी पाहायची होती.

ते त्याला फार वर्षं लाभलं नाही. १२६९च्या अखेरीस तो वारला. वेल्श बखरीत नोंद आहे की त्याचा भाऊ मादोगही त्याच दिवशी गेला, आणि दोघांना क्रुसाच्या खोऱ्यातल्या मठात पुरलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर १२७० मध्ये, ग्रिफिधचे चार मुलगे दिनास ब्रानवर जमले आणि बापानं आई एमाला दिलेल्या जमिनी तिच्याकडेच राहतील असा लेख त्यांनी करून दिला. गडाचा नावानिशी उल्लेख असलेला हा जुना कागद लढाईचा नाही, घरच्या वाटणीचा आहे.

वाटणी हाच पुढच्या गोष्टीचा कणा. वेल्श कायद्यात थोरल्याला सगळं मिळत नसे, मुलगे सारखे वाटेकरी. माणसाच्या दृष्टीनं हा न्याय, राज्याच्या दृष्टीनं मात्र प्रत्येक पिढीला एक फूट. गड त्या चार मुलांपैकी मादोगकडे आला, इतरांकडे इतर मुलूख. मराठीत याला नेमका शब्द आहे, भाऊबंदकी, आणि तिथं जे झालं त्याला दुसरा शब्द लावायची गरज नाही. १२७६ मध्ये इंग्लंडचा नवा राजा एडवर्ड पहिला यानं लिवेलिनविरुद्ध युद्ध पुकारलं. कारण असं की लिवेलिननं येऊन मुजरा करायला वारंवार नकार दिला होता. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यातच मादोगचा एक भाऊ इंग्रजांना मिळाला. १२७७च्या एप्रिलमध्ये दक्षिणेकडचा डॉलव्होरविन हा लिवेलिननं नुकताच बांधलेला गड आठवडाभराच्या वेढ्यात पडला. त्या वेढ्यात असलेला लिंकनचा अर्ल हेन्री द लेसी तिथून मोकळा होऊन मे महिन्यात दिनास ब्रानवर चालून आला.

वेढा पडलाच नाही. अर्लचं सैन्य पोचतं न पोचतं तोच बातमी आली की गडकऱ्यांनी स्वतःच गडाला आग लावली आहे आणि ते निघून गेले आहेत. लाकडी छपरं, जमिनी, जिने, दारं सगळं जळालं. दगडी भिंती उभ्या राहिल्या. त्या टेकडीवर पेटलेली आग साऱ्या खोऱ्याला दिसली असणार, मठातल्या साधूंनाही, ज्यांच्या अंगणात हा गड बांधणारा आठ वर्षांपूर्वी पुरला होता.

का जाळला? मला तरी हे भेदरून केलेलं काम वाटत नाही. मैदानात सोडवायला येणारी फौज नव्हती, भाऊ शत्रूच्या छावणीत होता, आणि डॉलव्होरविनचं काय झालं ते ताजं होतं. गड राहिला असता तर तो महिन्याभरात इंग्रज शिबंदीचा अड्डा झाला असता. बांधणाऱ्याच्या घरच्यांनीच तो शत्रूच्या हाती पडू दिला नाही. खुद्द अर्लनं राजाला कळवलं की याहून बळकट गड वेल्समध्ये नाही आणि याहून मोठा इंग्लंडमध्ये नाही, तेव्हा हा दुरुस्त करून ठेवावा. ‘मोठा’ हे अर्लचं बोलणं मापानं खोटं आहे, पस्तीस मीटर रुंदीचा गड इंग्लंडमध्ये कितीतरी मोठ्या गडांपुढं बाळ ठरला असता. पण लढवय्यानं खाली उभं राहून त्या खडकाकडे पाहिलं आणि आपल्याला वर चढावं लागलं नाही याचं जे काही वाटलं, ते त्या वाक्यात उतरलं आहे.

थोडीफार डागडुजी आणि पहारा सोडला तर एडवर्डनं त्याचं ऐकलं नाही. यामागचं कारण समजलं की त्या युद्धाचं सारं गणित समजतं. एडवर्डला वेल्स जिंकायचा होता जहाजांच्या बळावर. त्याच १२७७ मध्ये त्यानं फ्लिंटचा किल्ला सुरू केला, खाडीच्या कडेला. रिथलनला जहाजं थेट तटापर्यंत यावीत म्हणून त्यानं क्लुइड नदीचं वळणावळणाचं पात्र खणून सरळ करवलं. पुढं कॉनवी, कार्नारवॉन, हार्लेख, सगळे पाण्याच्या जवळ. वेढ्यात अडकलं तरी समुद्राकडून धान्य येत राहील, हा हिशेब. त्या हिशेबात ३२० मीटरवरचा, खेचरांवर लादून सगळं वर न्यावं लागणारा गड कुठं बसणार? १२८२ मध्ये दुसरं युद्ध झालं, डिसेंबरात लिवेलिन मारला गेला, आणि त्याआधी दोनच महिने हा सगळा मुलूख सरेचा अर्ल जॉन द वॉरेन याला बहाल झाला होता. त्यानं टेकडीकडे ढुंकून पाहिलं नाही. सपाटीवर, होल्ट इथं, डीच्या अगदी काठी, तांबड्या दगडाचा पाच कोनांचा नवा किल्ला त्याच्या घराण्यानं उभारला. होल्टच्या पुलाखाली आपल्या मादोगची दोन लहान मुलं वॉरेननं आणि मॉर्टिमर सरदारानं बुडवून मारली, आणि त्यांचे आवाज अजून रात्री ऐकू येतात, अशी तिथं लोककथा आहे. राज्य गेल्यावर गावं अशाच कथांतून हिशेब ठेवतात.

या दुर्लक्षाचा एक फायदा आपल्याला झाला. जे वेल्श गड इंग्रजांनी ताब्यात ठेवले त्यांच्यावर त्यांनी आपले बुरूज आणि आपली दारं चढवली. मूळ काय आणि वरचं काय हे ओळखायला अभ्यासक डोकं खाजवतात. दिनास ब्रानवर वॉरेननं वीट चढवली नाही. म्हणून १२६०च्या दशकात एका वेल्श अधिपतीच्या मनात गडाची कल्पना काय होती, ते तिथं जवळजवळ भेसळ न होता वाचता येतं.

मठ मात्र चालत राहिला. युद्धांत त्याचीही हानी झाली, आणि १२८४ मध्ये एडवर्डनं १६० पौंड भरपाई दिली. साधूंनी भिंती सावरल्या. चौदाव्या शतकात पश्चिमेच्या दर्शनी भिंतीचा वरचा त्रिकोण नव्यानं बांधला गेला, आणि आडम नावाच्या मठाधिपतीनं हे काम केलं अशी लॅटिन ओळ त्यावर कोरली. तिच्या खाली सुंदर गोल खिडकी आहे. पंधराव्या शतकात तर मठ कवींचं माहेर झाला. गिटोर ग्लिन हा त्या काळचा फार मोठा कवी आंधळा आणि म्हातारा होऊन इथं आला, मठाधिपती दावित यानं त्याला ठेवून घेतलं, आणि १४९३च्या सुमारास तो इथंच वारला. गड जिंकणारे आणि हरणारे दोघंही विसरले गेले असते, पण त्यांची वंशावळ, त्यांची थडगी आणि त्यांची बखर मठानं राखली.

मठाच्या आत एक थडग्याचा दगड आहे. त्यावर ढाल कोरलेली, ढालीवर सिंह. हा १३०६ मध्ये वारलेल्या एका मादोग ऐप ग्रिफिधचा. नावं पुन्हा तीच येतात, म्हणून नातं सांगतो. मठ स्थापणाऱ्या मादोगचा हा पणतू. आणि ओवाइन ग्लिनदूरचा हा पणजोबा.

ओवाइन हे नाव वेल्समध्ये आपल्याकडे शिवाजी महाराजांचं घेतात तितक्याच आदरानं घेतलं जातं. चार भावांतल्या धाकट्याच्या वंशाला इंग्रजांच्या मर्जीनं थोडी जमीन परत मिळाली होती, लँगॉलेनपासून वरच्या अंगाला, ग्लिनडव्हरडवी इथं. तिथं १६ सप्टेंबर १४०० रोजी ओवाइननं स्वतःला वेल्सचा प्रिन्स जाहीर केलं आणि दहा-बारा वर्षं इंग्लंडला झुंजवलं. पुढं सगळं हरल्यावर तो डोंगरात नाहीसा झाला. एलिस ग्रिफिध या सोळाव्या शतकातल्या बखरकारानं एक गोष्ट लिहून ठेवली आहे. भल्या पहाटे बेर्विनच्या डोंगरात ओवाइनला वाले क्रुसिसचा मठाधिपती भेटला. ओवाइन म्हणाला, आज फार लवकर उठलात. मठाधिपती म्हणाला, लवकर मी नाही, आपण उठलात, शंभर वर्षं आधी. ओवाइन काही बोलला नाही, आणि त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही. शंभर वर्षांच्या आतच वेल्श रक्ताचे ट्यूडर इंग्लंडच्या गादीवर बसले होते, आणि गोष्ट लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. तरीही ओवाइनला हे सांगायला गोष्टीनं याच मठाचा माणूस निवडावा, त्याच्या पणजोबांचं थडगं राखणारा, हे मला फार खरं वाटतं.

ओस गडावर कवितेनंही घर केलं. चौदाव्या शतकात हवेल नावाच्या कवीनं दिनास ब्रानच्या मवान्वी हिच्यावर प्रेमकविता केली. तेव्हा गडावर छप्परही नव्हतं. ती खाली कुठं राहत असेल ती असो, कवीनं तिला वरच बसवलं. १८५८ मध्ये लँगॉलेनच्या काव्यमेळ्यात केरयॉग या कवीनं त्याच कथेवर बक्षीस मिळवलं, आणि १८७५ मध्ये जोसेफ पॅरीनं चाल दिलेलं ‘मवान्वी’ हे गीत आजही वेल्सच्या पुरुष वृंदांचं लाडकं आहे, त्याचे शब्द मात्र मनिधॉग या तिसऱ्याच कवीचे. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, तशी माथ्यावर पर्यटकांसाठी कॅमेरा ऑब्स्क्युराची खोली झाली. भिंगातून आत पडद्यावर खोऱ्याचं हलतं चित्र उमटे. मठ आज वेल्सच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्या खात्याचं नाव कादू, आणि या शब्दाचा अर्थच राखणं.

पण मला दोन्ही जागा जिथं एकत्र दिसतात तो काळ १५३०च्या दशकाचा. मठाची रया तेव्हा गेली होती. रॉबर्ट सॉल्झबरी नावाचा मठाधिपती वाटमारी करणाऱ्या टोळीत सापडला आणि लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला. आठव्या हेन्रीनं मठ बुडवायला घेतले, तेव्हा वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ आधी बंद झाले. वाले क्रुसिसचं उत्पन्न त्या रेषेच्या जेमतेम खाली होतं. १५३७ मध्ये साधू निघून गेले आणि छपराचं शिसं उतरवलं गेलं. पूर्वेकडची इमारत शेतकऱ्याचं घर झाली, म्हणून तीच आज सगळ्यात धड आहे. मागचं मासळीचं तळंही शाबूत आहे, वेल्समधल्या मठांच्या तळ्यांत टिकलेलं हे एकटंच.

त्याच दशकात जॉन लेलँड नावाचा विद्वान राजाच्या परवानगीनं देशभर जुने ग्रंथ आणि जुन्या वास्तू पाहत हिंडत होता. तो दिनास ब्रानपाशी आला. त्यानं लिहिलं की हा गड कधीच मोठा नव्हता, पण शत्रूला जवळजवळ पोचताच येऊ नये अशा जागी बसवलेला होता, आणि आता सगळा पडला आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या अर्लच्या शब्दांपुढं हे शब्द ठेवावेत. मोठेपणाचा भाग लेलँडनं खोडला, बळकटीचा तसाच ठेवला.

मग त्यानं आणखी एक गोष्ट टिपली. गडाखालच्या कड्यात दर वर्षी एक गरुड घरटं करतो. घरटं मोडायला माणूस टोपलीत बसून खाली उतरतो, तेव्हा गरुड त्याच्यावर जिवाच्या आकांतानं तुटून पडतो. म्हणून तो माणूस दुसरी एक टोपली डोक्यावर पालथी घालून जातो.